दगडफूल आणि रेनडिअर
(इटियाडोह येथे विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या आयाबहिणी मसाल्यात दगडफूल घालतात. ते फूल नव्हेच. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार आहे. बुरशी आसरा देते, शैवाल उन्हात अन्न तयार करते. आपण ते चिमूटभर वापरतो; पण उत्तर ध्रुवाजवळ टुंड्रा नावाच्या गारठलेल्या, झाड नसलेल्या मुलखात रेनडिअर हे हरीण हिवाळाभर मुख्यतः त्याच्याच जातभाईंवर जगते. वास घेत घेत खुरांनी बर्फ उकरते आणि खाते. त्यात प्रथिने थोडी, पण पिष्टमय भाग भरपूर. रेनडिअर आपल्या गाईसारखेच रवंथ करते. पोटातले सूक्ष्म जीव ते पचवतात. पावसाळ्यात आपल्या भिंतींवर मखमलीसारखे शेवाळ येते ना, तसले शेवाळ तिकडे लेमिंग नावाचे उंदीर बर्फाखाली खातात.

अडचण एकच. हे दगडफूल वर्षाला जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर वाढते. आपल्या धरणाच्या काठावरचे गवत गुरांनी खाल्ले, तरी मिरगाच्या पावसात पुन्हा उगवते. तिकडे कुरण एकदा खरवडले, की भरून यायला कित्येक दशके जातात.

अलास्काजवळ सेंट मॅथ्यू नावाचे बेट आहे. १९४४ साली तिथे २९ रेनडिअर सोडले. लांडगा नाही, दगडफूल मुबलक. १९६३ पर्यंत कळप सुमारे ६००० झाला. दगडफूल संपत आले, त्यातच कडक हिवाळा पडला. १९६६ मध्ये मोजले तेव्हा ४२ उरले होते. पुढे तेही संपले. उलट, उत्तर युरोपातले सामी पशुपालक कुरण संपायच्या आत कळप पुढे हलवतात. म्हणून त्यांचे रेनडिअर पिढ्यान्‌पिढ्या टिकले.

कुणी म्हणेल, बर्फातल्या हरणाशी आमचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या जंगलातही सावकाश वाढणारे धन आहे. मोहाच्या रोपाला फुलावर यायला आठ-दहा वर्षे तरी लागतात. फुले वेचायला सोपे जावे म्हणून आपण झाडाखालचा पालापाचोळा पेटवतो, त्यात ती रोपे जळतात. म्हातारे मोह उभे आहेत, त्यांच्यामागे तरणे दिसत नाहीत. तेव्हा यंदा काडी लावू नका. खराट्याने झाडून घ्या. दोन रोपे दिसली तर काट्यांचे कुंपण करा. आपल्या नातवांना त्यांची फुले वेचायची आहेत.

जयभीम!