आधी फ्रेमची उंची, मग ग्राइंडर

इथे अमेरिकेत ज्यांच्या गराजमध्ये 1950 च्या दशकातला शेव्हरोले पिकअप सुटा होऊन पडलाय, त्यांच्याशी आज बोलायचंय. या पिकअपला 1959 पर्यंत पुढच्या चाकांना सरळ बीम ॲक्सल आणि पाटे होते. एक चाक खड्ड्यात गेलं की धक्का दुसऱ्यालाही बसतो. म्हणून लोक तो ॲक्सल काढून मस्टँग टू या गाडीच्या धर्तीचं पुढच्या सस्पेन्शनचं किट बसवतात. मूळ मस्टँग टू 1974 ते 1978 एवढीच विकली गेली, पण तिचे कंट्रोल आर्म आणि रॅक अँड पिनियन आटोपशीर, म्हणून हॉट रॉडवाल्यांनी ते उचलले. हे तुम्हाला माहीत आहेच.

मला सांगायचंय ते एकच. तयार झालेली गाडी जमिनीपासून किती उंचीवर आणि किती कलून उभी राहणार, हे ठरल्याशिवाय फ्रेम कापू नका.

सुतार दार कसं बसवतो, ते आठवा. तो आधी चौकट उभी करतो, ओळंबा सोडतो, पाणसळ लावतो, आणि मगच बिजागऱ्यांना हात घालतो. चौकट तिरकी असेल तर दार आपोआप उघडतं, नाहीतर फरशीला घासतं. मग बिजागरी कितीही महागाची आणा. तुमची फ्रेम म्हणजे ती चौकट आणि कंट्रोल आर्म म्हणजे दार. आपण मात्र पहिल्याच शनिवारी ग्राइंडर लावून मोकळे होतो, हे बरं नाही.

तेव्हा जुना ॲक्सल जागेवर असतानाच त्याच्या मध्यावरून ओळंबा सोडा आणि ती खूण फ्रेमवर पंचने पक्की करा. रंगाची खूण पुसली जाते. मग फ्रेम स्टँडवर घ्या, पण ती शेवटी ज्या कलाने उभी राहणार त्याच कलाने. फ्रेम एक अंश पुढे झुकली की कॅस्टर एक अंशाने कमी होतो. किट सपाट फ्रेम धरून बनवलेलं असेल आणि तुम्हाला नाक दोन अंश खाली हवं असेल, तर दोन अंश तिथेच गेले. मग हायवेवर गाडी भरकटते, आणि वळण संपल्यावर स्टीअरिंग आपणहून सरळ येत नाही. अलाइनमेंटवाला थोडंफार सावरून घेईल, सगळं नाही.

कुणी म्हणेल, इंजिनच नाही तर स्प्रिंग दबणार कशी आणि उंची कळणार कशी? स्प्रिंग लावूच नका. शॉकच्या जागी मोजून कापलेली लोखंडी पट्टी बोल्टने बसवा, म्हणजे खालचा आर्म जमिनीला समांतर राहील. हीच तुमची चालती उंची. आधी फक्त टाके मारा, पूर्ण वेल्डिंग नको.

आता तिसरी बिजागरी. वरचा आर्म एक, खालचा दुसरी, आणि टाय रॉडचं आतलं टोक तिसरी. तीन बिजागऱ्या एका ओळीत नसल्या की दार अडतं. फ्रेम रुंद म्हणून क्रॉसमेंबर दोन इंच रुंद केला आणि रॅक मात्र जुन्याच मापाचा ठेवला, तर हेच होतं. गाडी उंचवट्यावर चढली की तुम्ही न वळवताच चाक वळतं. तपासायला सोपं आहे. स्टीअरिंग मध्यावर बांधून टाका, शॉकच्या जागची लोखंडी पट्टी काढा, रोटरला एक सरळ पट्टी आवळा, आणि जॅकने हब दोन इंच वर, दोन इंच खाली न्या. रोटरवरच्या पट्टीची दोन्ही टोकं जमिनीवर आखलेल्या सरळ रेषेपासून किती दूर आहेत, ते दर वेळी मोजा. दोन्ही अंतरांमधला फरक बदलत असेल तर टाके तोडा. आत्ता तोडता येतात. म्हणूनच म्हणतो, उंची आधी. उंची चुकीची धरली तर ही सगळी मोजमापं वाया.

आणखी एक. मूळ मस्टँग टूमध्ये खालच्या आर्मपासून मागे फ्रेमपर्यंत एक स्ट्रट रॉड जायचा. ब्रेक दाबल्यावर येणारा जोर तो झेलायचा. बऱ्याच नव्या किटमध्ये तो नसतो, रुंद आर्म असतो, आणि सगळा जोर क्रॉसमेंबरच्या वेल्डिंगवर येतो. जुनी उघडी फ्रेम तिथे आतून पत्रा लावून बंद केलीच पाहिजे. किती लांबीपर्यंत, हा वेगळाच विषय आहे, पण घड्याळ पुढे सरकतंय.

ज्यांची जुनी गाडी भारतात आहे, त्यांनी मात्र थांबावं. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, पण ती मूळ रूपात असेल तरच. चेसिस कापली की तो हक्क गेला.

ब्रेकचं राहिलंच. पुढे डिस्क आल्यावर ड्रमसाठीचा जुना मास्टर सिलिंडर चालत नाही. तो लाइनमध्ये दाब धरून ठेवतो आणि पॅड घासत राहतात. शिवाय त्याचं सर्किट एकच, एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. दोन सर्किटचा घ्या, आणि तो बसल्याशिवाय गाडी गराजबाहेर काढू नका. वेळ संपली.