पन्नास सेकंद आणि बारा फोटो

(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलावर, भिंतीला एक फोटो लावलेला आहे. काळ्या आभाळात काळीच टिकली आणि तिच्याभोवती पांढरा पिसारा. नवीन मुले विचारतात, हे काय आहे? तो सूर्य आहे. २४ ऑक्टोबर १९९५ च्या खग्रास ग्रहणाचा तो फोटो आम्ही चौघांनी काढला. चौघांपैकी एकालाही त्यापूर्वी असल्या कामाचा अनुभव नव्हता.

ग्रहण मात्र आमच्या घरांना नवीन नव्हते. आमच्या आज्या सांगत, ग्रहण लागले की गाव दारे लावून आत बसायचे आणि गावकुसाबाहेरची माणसे टोपली घेऊन 'दे दान सुटे गिराण' असे ओरडत गल्लोगल्ली फिरायची. दाराआडून पसाभर दाणे नाहीतर जुने धडुते पदरात पडायचे. म्हणजे ग्रहणात उघड्यावर हिंडायला आमची माणसे मोकळी होती, पण मान वर करून पाहायला सवड कोणाला? लक्ष सगळे टोपलीकडे.

त्या वर्षी खग्रास पट्टा राजस्थानातून निघून उत्तर प्रदेश, बिहार करीत बंगालमध्ये डायमंड हार्बरकडे जात होता. महाराष्ट्रात ग्रहण खंडग्रासच दिसणार होते. आम्ही राजस्थानातले नीम का थाना निवडले. तेथे खग्रास अवस्था जेमतेम ५० सेकंदांची, बंगालमध्ये थोडी जास्त. पण आभाळ स्वच्छ मिळण्याची आशा राजस्थानात अधिक. ऐन दिवाळीत निघालो. जयपूरपर्यंत रेल्वेच्या दाराशी बसून गेलो, ते असो.

कॅमेरा एका सभासदाच्या मेहुण्याचा, रीळ हाताने पुढे सरकवायचा. भिंग २०० मिलिमीटरचे. विद्यार्थ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा : भिंगाच्या नाभीय अंतराला साधारण ११० ने भागले की फिल्मवर सूर्य केवढा उमटेल ते कळते. आमचा सूर्य दोन मिलिमीटरसुद्धा भरत नव्हता, मोहरीएवढा. मोठे भिंग परवडणारे नव्हते. मन खट्टू झाले, पण वाचताना १८९८ सालची हकीकत सापडली. त्या वर्षी २२ जानेवारीला खग्रास पट्टा आपल्या महाराष्ट्रातूनच गेला होता. विजयदुर्गला नॉर्मन लॉकियर, सोलापूरकडे जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला, अशी मोठी मंडळी मोठी उपकरणे घेऊन बसली होती. आणि तळणी येथे अॅनी मॉन्डर नावाच्या बाईंनी अवघ्या दीड इंच भिंगाच्या स्वतःच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळातला लाखो मैल लांब झोत टिपला. ग्रीनिच वेधशाळेतली पगाराची जागा त्यांना लग्नामुळे सोडावी लागली होती. प्रभामंडळ सूर्यबिंबापेक्षा कितीतरी दूर पसरते, त्यामुळे लहान भिंगातही ते पुष्कळसे मावते. आम्हाला धीर आला.

खरी अडचण प्रकाशाची. सूर्याच्या कडेवरच्या तांबड्या ज्वाळा टिपायला सेकंदाचा हजारावा भाग पुरतो, तर प्रभामंडळाच्या बाहेरच्या पदराला पुरा एक सेकंद लागतो. एका फोटोत दोन्ही येत नाहीत. म्हणून बारा फोटोंची यादी केली, प्रत्येकाचा वेळ वेगळा. घराच्या गॅलरीत दिवा मालवून रात्री तालीम केली. एकाने सेकंद मोजायचे, एकाने कॅमेरा चालवायचा, एकाने यादीवर बॅटरी धरायची, आणि चौथ्याने भिंगावर चिकटवलेली वेल्डिंगची १४ नंबरची काच खग्रास लागताच काढायची. सर्वांत सोपे काम चौथ्याचे.

साडेआठच्या सुमारास ऊन फिके, शिळे झाल्यासारखे दिसू लागले, गार वाटू लागले. मग एकाएकी कडेला हिऱ्याची अंगठी चमकली आणि विझली. सूर्याच्या जागी भोक. जवळच शुक्र लखलखत होता. मोजणारा मोजत होता, कॅमेरावाला बटण दाबत होता, आणि चौथा तोंड उघडे टाकून आभाळाकडे पाहत उभा. काच तशीच! 'काच, काच' असा ओरडा झाला तोवर चार फोटो गेलेले. त्याने ती ओढून काढली, त्यात तिपाई हलली. ती थरथर थांबेपर्यंत आणखी तीन गेले. पुढचे तीन बरे निघाले, आणि शेवटच्या दोनांच्या वेळी सूर्य बाहेर आलेला होता.

गंमत पाहा. एकाने घड्याळ पाहिले, एकाने कागद, एकाने कॅमेऱ्याचे भोक. ग्रहण डोळे भरून पाहिले ते फक्त काच विसरणाऱ्याने. आम्ही त्याला तेथे नको ते बोललो, आणि परतीच्या गाडीत रात्रभर त्यालाच विचारत बसलो, कसे होते रे?

रीळ धुवायला दिले तर प्रयोगशाळेने कोरे समजून एकही फोटो छापला नाही. निगेटिव्ह दाखवून पुन्हा छापून घ्यावे लागले. रिळाचा पहिला फोटो साध्या माणसाचा काढावा, म्हणजे छापणाऱ्याला चौकट कळते, हे तेव्हा शिकलो. चांगला आला तो भिंतीवर आहे. आमच्यापैकी एकाची आजी तेव्हा हयात होती. तिने फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, "असं असतंय व्हय गिराण? आम्ही कवा वर बघितलंच न्हाई."

आता रीळ गेले, हातात मोबाइल आले. काचेचा नियम मात्र तोच आहे. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल यांतून सूर्य पाहू नये. डोळ्याचा पडदा भाजतो आणि भाजताना दुखत नाही. कॅमेऱ्याच्या भोकातून पाहताना तर धोका अधिक. खग्रासचे तेवढे क्षण मात्र काच काढायची, नाहीतर आमच्यासारखे चार काळे फोटो मिळतील. भारतातून दिसणारे पुढचे खग्रास २० मार्च २०३४ रोजी काश्मीरच्या बाजूला आहे. जाणाऱ्यांनी यादी बाराची करू नये, पाचाची करावी, आणि निम्मा वेळ कॅमेऱ्याला हात लावू नये.

ती १४ नंबरची काच वाचनालयाच्या कपाटात, खालच्या फळीवर आहे. नेणाऱ्याने वहीत नाव लिहून न्यावी.