घटपर्णी आणि बोअरचं पाणी

मांडवगण फराट्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आज विषय जरा वेगळा आहे, किडे खाणारं झाड. पोरांच्या पुस्तकात त्याचं चित्र असतं. घटपर्णी म्हणतात त्याला. हिरवं पान, पानाच्या टोकाला बारीक शेपटी आणि त्या शेपटीला लोंबणारा छोटा तांब्या. वर झाकणसुद्धा.

गेल्या उन्हाळ्यात गटाच्या पैशातून आम्ही पुण्याहून अशी सहा रोपं आणली. वाढवायची, फांद्या लावून नवी रोपं करायची आणि रांजणगावच्या गणपतीला येणाऱ्या लोकांना विकायची, असा बेत. विकणाऱ्यानं सांगितलं, घरातले डास संपतील. तेवढ्यावरच निम्म्या जणी राजी झाल्या.

दोन महिन्यांत चार रोपं गेली. आधी तांबे वाळले, मग पानांच्या कडा करपल्या. बैठकीत बोलाचाली झाली. ज्या सूनबाईनं ही कल्पना काढली होती, ती पुढच्या दोन बैठकांना आलीच नाही.

खरं तर चूक तिच्या एकटीची नव्हती. रोप मरगळलं की आपला हात कुठं जातो? चिमूटभर युरिया, नाहीतर मूठभर शेणखत. आणि पाणी बोअरचं. आपल्या ऊसपट्ट्यातलं बोअरचं पाणी तुम्हाला ठाऊकच आहे, हंड्याला पांढरा थर धरतो, डाळ शिजता शिजत नाही. घटपर्णीला ही दोन्ही विषंच.

भारतात रानात उगवणारी घटपर्णी मेघालयातली, गारो, खासी, जैंतिया टेकड्यांवरची. बाजारात मिळतात ती बहुतेक संकरित रोपं, पण स्वभाव तोच. अशा झाडांच्या मातीत नत्र फार कमी असतं. ती कमतरता झाड किड्यांतून भरून काढतं. तांब्याच्या काठावर गोड रस असतो आणि काठ निसरडा. मुंगी रस चाटायला येते, घसरून आत पडते आणि तळाच्या पाचक रसात विरघळते. किडा आला की झाकण बंद होतं, असं पुष्कळ जणी समजतात. ते कधीच बंद होत नाही. पावसाचं पाणी आत भरू नये म्हणून ते वर असतं. डासांचं म्हणाल तर सापडतात मुख्यतः मुंग्याच. रानात काही जातींचे डास तर तांब्यातल्या पाण्यातच अंडी घालतात! तेव्हा डासांसाठी हे झाड घेऊ नका.

उरलेली दोन रोपं आम्ही कशी जगवली ते सांगतो. काळी माती काढून टाकली. कोकोपीट घेतलं, पण त्यातही मीठ असतं, म्हणून पावसाच्या पाण्यात तीन-चार वेळा धुऊन पिळलं. त्यात नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि थोडा कोळसा मिसळला. कुंडीला भोकं मोठी, कारण ओल हवी पण मुळं पाण्यात बुडायला नकोत. पत्र्याच्या पन्हाळीखाली ड्रम ठेवून पाऊस साठवला. तो संपला की आरओचं पाणी. खत अजिबात नाही.

जागा निवडताना बरीच फिरवाफिरव झाली. ओट्यावर ऊन लागलं, घरात अंधार पडला. शेवटी न्हाणीमागं, हौदाशेजारी, हिरव्या जाळीखाली टांगली. सकाळचं कोवळं ऊन तिथं मिळतं. चैत्र-वैशाखात गरम वारा सुटला की भोवती ओलं पोतं बांधतो. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळं पानं चांगली आली तरी तांबे धरत नाहीत, तेव्हा घाबरू नका. हवेत ओल आली की पुन्हा धरतात. एका नातवानं प्रेमानं मटणाचा तुकडा तांब्यात टाकला. तांब्या कुजला, वास सुटला तो निराळाच! त्याला काही भरवू नका. वाळलेला तांब्या तेवढा कापा, पान हिरवं असेल तर राहू द्या.

भाद्रपदात आम्ही साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेलो होतो. 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं हे पठार. तिथं खडकावरच्या पातळ मातीत आपल्या मुलखातलीच किडेखाऊ झाडं पाहिली. दवबिंदूच्या केसाळ पानांवर चिकट थेंब चमकत होते, त्यात चिलटं अडकलेली. सीतेची आसवं म्हणतात त्या निळ्या फुलांच्या मुळाशी, ओल्या मातीत, बारीक पिशव्या असतात. त्या इवलाले जीव ओढून घेतात. आमच्यातल्या एका वहिनीनं उपटायला हात घातला, दुसरीनं तो धरला. तिथलं रोप आपल्या मातीत जगणार नाही आणि तिथलंही एक कमी होईल. रोप घ्यायचं तर रोपवाटिकेत वाढवलेलंच घ्या.

आमचे पैसे अजून सुटलेले नाहीत. पावसाळ्यात लावलेल्या आठ फांद्यांपैकी तीन फुटल्यात, तेही दोन महिने वाट पाहून. ती सूनबाई आता बैठकीला येते. पहिलं रोप विकायचं की ठेवायचं, यावर परवा पुन्हा वाद झाला. ती म्हणते, आधी दुसरा ड्रम आणा.