बांधलेला फुगा आणि त्याचा दोर
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)





विज्ञानावर काही बोला, असा संस्थेचा निरोप आला तेव्हा उपग्रह, संगणक असे भारदस्त विषय सुचविले होते. मी त्याऐवजी एक दोर निवडला. विषय क्षुल्लक वाटेल, पण थोडा वेळ माझ्याबरोबर बसा.

हेलियम वायूने भरलेला प्रचंड फुगा जाड दोराने जमिनीशी बांधून शेकडो, प्रसंगी हजारो मीटर उंचीवर ठेवतात. त्याच्या पोटाखाली रडार बसवले की पृथ्वीच्या गोलाईमुळे जमिनीवरून न दिसणारी, खालून उडणारी विमाने आणि दूरच्या नौका दिसू लागतात. अमेरिकेने फ्लोरिडाजवळच्या कजो की बेटावर असे फुगे अनेक वर्षे वापरले. आपल्याकडे आग्र्याच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने ‘आकाशदीप’ नावाचा असा फुगा तयार केला आहे. कल्पना मात्र जुनी आहे. २६ जून १७९४ रोजी फ्ल्यूरसच्या लढाईत फ्रेंचांनी शत्रूची हालचाल पाहण्यासाठी बांधलेला फुगा चढविला होता, आणि त्याचे दोर जमिनीवर माणसांनी हातात धरले होते.

पाहणाऱ्याची नजर फुग्याकडे जाते. दोराकडे कोणी पाहत नाही, आणि धोका नेमका तेथे असतो. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने खाली येऊ नयेत म्हणून ब्रिटनने शहरांभोवती पोलादी तारांनी बांधलेले फुगे उभे केले होते. १९४० च्या सप्टेंबरात एका रात्री वादळाने त्यांतले काही सुटले आणि उत्तर समुद्र ओलांडून गेले. लोंबणाऱ्या तारांनी स्वीडन व डेन्मार्कमध्ये विजेच्या तारा तोडल्या, रेल्वे खोळंबली. ब्रिटिशांनी यातूनच धडा घेऊन १९४२ पासून शत्रूच्या मुलखात मुद्दाम तारा लोंबणारे फुगे सोडायला सुरुवात केली, ही गोष्ट वेगळी!

अलीकडचे उदाहरण २८ ऑक्टोबर २०१५ चे. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात सैन्याचा सुमारे ७४ मीटर लांबीचा रडार-फुगा दोर तुटून सुटला. सुमारे दोन किलोमीटर दोर फरफटत नेत तो पेनसिल्व्हेनियात पोहोचला, आणि वाटेत वीस हजारांहून अधिक घरांची व दुकानांची वीज गेली. दोर मुळात कच्चा होता काय? तसे नाही. हवेचा दाब मोजणारी एक लहानशी नळी नीट चालली नाही, म्हणून शेपटीच्या पंखांत पुरेशी हवा राहिली नाही. फुगा वाऱ्याला आडवा झाला आणि दोरावरचा ताण सोसवेना इतका वाढला. असा फुगा सुटलाच तर त्यातला वायू आपोआप सोडणारे एक उपकरण त्यावर होते. त्याच्या बॅटऱ्या बसविलेल्याच नव्हत्या. एवढ्या किमतीचे यंत्र आणि उणीव बॅटरीची! देखभाल म्हणतात ती हीच.

आता दोराकडे वळू. तो नुसता दोर नसतो. मध्यभागी वर वीज नेणाऱ्या तांब्याच्या तारा व संदेश नेणारे काचतंतू असतात. त्यांच्याभोवती भार पेलणारे केव्हलार किंवा व्हेक्ट्रान यांचे कृत्रिम धागे, त्यावर प्लॅस्टिकचे कवच, आणि आकाशातली वीज जमिनीत उतरावी म्हणून धातूच्या तारांची वीण. पोलादाच्या मानाने हे धागे वजनाला फारच हलके. पण एक गुण हरवला. पोलादी दोराची एखादी तार तुटली की ती बाहेर येते. दोरावरून फडके फिरवले की ते अडकते, आणि खलाशाला कळते. केव्हलारचा धागा कवचाच्या आत गुपचूप तुटतो. बाहेरून दोर नवरीसारखा नटलेला, आत मात्र पोकळ!

येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरी होडी असेल, किंवा वडील-चुलते जहाजावर असतील. नाखवा दोर कसा पाहतो ते आठवा. तो पेड उलगडून आत डोकावतो. एक टोक झिजले की दोर उलटा करून दुसरे टोक कामाला लावतो. फुग्याच्या दोराचे पेड उलगडता येत नाहीत. म्हणून नाखव्याच्या बोटांचे काम आराखडा करणाऱ्याने आधीच दोरात घालून ठेवावे लागते.

ते कसे? कवच दोन रंगांचे करावे, म्हणजे वरचा रंग घासून आतला दिसला की झीज लगेच नजरेत भरते. ठराविक अंतरावर खुणा कराव्यात, म्हणजे “कुठेतरी खरचटले आहे” असे न लिहिता नोंदवहीत नेमका मीटर लिहिता येतो. पण सर्वांत मोठा प्रश्न टोकाचा आहे. दोर फुग्याला जेथे जोडला जातो तेथे ताण सर्वाधिक असतो, कारण फुग्याच्या ओढीबरोबर खालच्या सगळ्या दोराचे वजन तेथेच येते. शिवाय वाऱ्याने तो तेथे सारखा वाकतो. म्हणून ठराविक काळाने वरचा काही मीटरचा तुकडा कापून नवे टोक बांधणे शहाणपणाचे. कापलेला तुकडा फेकायचा नाही. तो ताणून किती भाराला तुटतो हे पाहावे, म्हणजे उरलेल्या दोराची प्रकृती कळते. यासाठी चरखीवर जादा दोर आरंभापासून हवा. आणि नवे टोक साध्या हत्यारांनी जागेवरच बांधता आले पाहिजे. कारखान्यातूनच टोक बांधून आणावे लागत असेल, तर ते काम “पुढच्या महिन्यात करू” म्हणून लांबत जाते. विजेचा जोड भार पेलणाऱ्या जोडापासून वेगळ्या पेटीत ठेवावा. एक तार सैल झाली म्हणून अख्खे टोक उकलण्याची पाळी येऊ नये.

चरखीबद्दल एक आठवण सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी एका गोदीत होतो. तेथील एका यारीचे वंगणाचे भोक ढोलाच्या पलीकडे होते. यंत्र थांबवून, मागचे झाकण काढून वंगण घालायला पाऊण तास लागे. म्हणून सगळे फिरत्या ढोलावरून हात घालून वंगण देत. आमच्या एका मदतनिसाची दोन बोटे त्यात गेली. चौकशीत ठपका त्याच्या निष्काळजीपणावर आला. भोक तेथे कोणी काढले, हे कोणी विचारले नाही. तेव्हापासून कोणताही नकाशा समोर आला की मी प्रथम हात कोठून जाईल ते पाहतो.

फुग्याच्या चरखीतही हेच. भरल्या ताणाने दोर ढोलावर गुंडाळला की खालचे थर वरच्या थरांखाली चेंगरतात. म्हणून मध्ये दोन खाचदार चाके ठेवून ताण त्यांच्यावरच उतरवतात, आणि ढोलाकडे दोर सैल जातो. या दोहोंमधला मोकळा भाग म्हणजे तपासणीची जागा. फुगा उतरवताना सगळा दोर तेथून हळूहळू जातो. तेथे माणसाला उभे राहायला फळी, उजेड आणि हाताशी थांबविण्याचे बटण हवे. दोर ज्या चाकावरून वळतो ते चाक दोराच्या जाडीच्या कित्येक पट मोठे हवे, नाहीतर प्रत्येक फेरीत धागे मोडत राहतात.

विद्यार्थी विचारतील, एवढी सोय असेल तर सगळेच असे का करीत नाहीत? कारण वजन. एक घनमीटर हेलियम समुद्रसपाटीजवळ सुमारे एक किलो उचलतो. समजा दोर मीटरला अर्धा किलो आहे. एक किलोमीटर दोरासाठीच पाचशे घनमीटर वायू खर्ची पडला! कवच जाड केले की उंची घटते किंवा रडार लहान करावे लागते. म्हणून सोय शक्य तेवढी जमिनीवर, चरखीत ठेवावी आणि हवेत कमीत कमी न्यावी. माझे मत विचाराल तर थोडी उंची गमवावी, पण तपासता येणार नाही असा दोर वर सोडू नये. माझे काही सहकारी हे मानीत नाहीत.

पालकांना एक सांगतो. “मुलगा इंजिनिअर होईल, मिस्त्री होणार नाही,” हे वाक्य मी अनेक घरांत ऐकले आहे. या दोराचा आराखडा ज्याने कधी टोक बांधले नाही त्याला जमत नाही. अल्-जझरीने १२०६ साली पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात यंत्रे कशी चालतात एवढेच सांगितले नाही, तर भाग कसे ओतावे, कसे जोडावे हेही कारागिरासाठी लिहून ठेवले. मुलींनाही हे काम परके नाही. महायुद्धात लंडनचे पुष्कळ फुगे १९४१ नंतर स्त्रियांच्याच पथकांनी सांभाळले. चरखी चालविणे, तारा दुरुस्त करणे, सगळे त्याच करीत.

मी सोबत अशाच एका दोराचा वीतभर तुकडा आणला आहे. त्याचे कवच अर्धे सोललेले आहे. सभा संपल्यावर तो टेबलावर ठेवतो. मुलांनो, मुलींनो, हात लावून पाहा. आतले तीन धागे तुटलेले आहेत. कवच न काढता ते कोणाला सापडतात का, ते मला सांगा.