पिंजऱ्यातला धातू

1985 साली अमेरिकेत, ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांच्या गटाला 60 कार्बन अणूंचा पोकळ रेणू सापडला. 12 पंचकोन आणि 20 षट्कोन, थेट फुटबॉलसारखी शिवण. पोकळी म्हटली की आत काय मावेल, हा प्रश्न आलाच. त्याच वर्षी या गटाने लँथॅनम मुरवलेल्या ग्रॅफाइटवर लेसर सोडला आणि 60 कार्बन अधिक एक लँथॅनम, एवढ्या वजनाचे रेणू मिळवले.

पण धातू आत गेला की बाहेरून चिकटला? वजन ते सांगत नाही.

याचा छडा स्फटिकांनी लावला. 1995 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी 82 कार्बनांचा, यिट्रियम असलेला फुलरीन, म्हणजे असाच पिंजऱ्यासारखा पोकळ कार्बन-रेणू, घेऊन त्याच्या भुकटीवर क्ष-किरण सोडले. यिट्रियम आतच होता. मात्र मधोमध नव्हे, एका बाजूला भिंतीलगत. धातू आपले इलेक्ट्रॉन पिंजऱ्याला देऊन टाकतो. त्याच्यावर धन आणि भिंतीवर ऋण भार येतो, म्हणून तो भिंतीकडे ओढला जातो.

एकेका अणूची नेमकी जागा शोधणे मात्र जिकिरीचे. हे गोल रेणू स्फटिकातही गरगर फिरतात आणि चित्र पुसट येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत मॅरिलिन ओल्मस्टेड आणि ॲलन बाल्च यांनी त्यावर तोड काढली. रक्तातल्या हीमच्याच कुळातला, पॉर्फिरिन नावाचा चपटा रेणू त्यांनी फुलरीनसोबत स्फटिकात बसवला. त्याच्या आठही इथाइल शाखा एकाच बाजूला वळून फुलरीनला कवेत घेतात. फिरणे आवरले आणि 80 कार्बनांच्या पिंजऱ्यात चार अणू स्पष्ट दिसले: मध्ये नायट्रोजन, भोवती तीन स्कँडियम, सगळे एकाच पातळीत.

अशा तपासाने मान्य झालेली रचनाही बदलली. तीन स्कँडियम आणि 82 कार्बन असलेला एक रेणू नव्वदीच्या दशकापासून माहीत होता. सगळे कार्बन पिंजऱ्याच्या भिंतीत आहेत, असे धरले जाई. 2005 मध्ये जपानी संशोधकांनी चुंबकीय अनुनाद आणि स्फटिकाची तपासणी यांची सांगड घातली, तेव्हा भिंतीत 80 च कार्बन निघाले. उरलेले दोन स्कँडियमसोबत आत होते. वजन मात्र दोन्ही रचनांचे सारखेच भरते.