दूरदेशीचा व्यापार आणि व्यवस्थापनाचे शिक्षण

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



व्यापारासाठी समुद्र ओलांडणे आपल्या समाजास नवे नाही. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी सहकाऱ्यांसह सिंदिया कंपनी उभारली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी तिचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघाले. त्या काळी व्यापाराची शाळा म्हणजे पेढीच होती. मुनिमाजवळ बसून वहीखाते, पत आणि माणूस ओळखणे शिकावे लागे.

पुढे व्यवहाराची व्याप्ती वाढली. १९६५ साली मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था स्टॅनफर्डच्या सहकार्याने सुरू झाली. १९८१ साली भारतीय विद्या भवनाने अंधेरीत एस. पी. जैन संस्था स्थापिली. शेठ श्रेयांसप्रसाद जैन यांचे नाव तिला लाभले आहे. तेथे कौटुंबिक उद्योगांतील तरुणांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. त्याच नावाची जागतिक व्यवस्थापन संस्था दुबई (२००४), सिंगापूर (२००६) व सिडनी (२०१२) येथे पोहोचली.

आता हे जग आपल्या दारी येत आहे. न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले, नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांमुळे परदेशी विद्यापीठांस भारतात शाखा काढण्याची मुभा मिळाली आणि जून २०२५ मध्ये ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आदी पाच संस्थांना येथील नियोजित शैक्षणिक नगरीसाठी आशयपत्रे देण्यात आली.

परंतु तागा उलगडून पाहिल्याविना जाणता व्यापारी माल घेत नाही. शिक्षणाची परीक्षाही तशीच व्हावी. संस्थेस मान्यता कोणाची? मिळणार ती पदवी की केवळ पदविका? शुल्क डॉलरमध्ये असेल, तर रुपया घसरताच बोजा वाढतो. कर्ज काढल्यास शिक्षण चालू असतानाच व्याज साचू लागते. शिक्षणानंतर त्या देशात काम करण्याचा परवाना मिळेल याची हमी कोणतीही संस्था देऊ शकत नाही. केवळ शेजाऱ्याचा मुलगा गेला म्हणून घर गहाण टाकणे हा व्यवहार नव्हे.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. मुले शिकून परदेशी स्थिरावली, तर पेढी कोणी सांभाळायची? हा विषय प्रवेश घेण्यापूर्वीच घरात मोकळेपणाने बोलला जावा. परतणाऱ्यास केवळ गल्ल्यावर न बसवता निर्णयाचा अधिकार द्यावा. न परतणाऱ्यास दोष देऊ नये. आणि पेढीचा विचार करताना घरातील कन्येचे नाव विसरू नये.

शब्द पाळणे, माप चोख ठेवणे आणि देणे वेळेवर चुकते करणे हे शिक्षण मात्र घरातच मिळते. त्याची शिदोरी बरोबर असेल, तर मुले कोणत्याही बंदरात उतरली तरी त्यांची पत टिकेल.

जय जिनेंद्र!