शिक्षकाच्या हातची नवी साधने
(समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारिणीने यंदाच्या संमेलनात चार शब्द बोलण्यास आम्हांस पाचारण केले, याबद्दल आम्ही ऋणी आहो. विषय नेमून दिला तो 'मोबाईल, संगणक आणि शिक्षण'. आपल्या समाजात आता अभियंते पुष्कळ आहेत. त्यांना सोडून हा विषय आमच्याकडे का यावा, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. आमचे शिक्षण शालांत परीक्षेपर्यंतचे. आमचे वडील तिला अखेरपर्यंत मॅट्रिकच म्हणत. पुढे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि याच जिल्ह्यातील खेड्यांच्या शाळांतून खडू-फळ्यावर सारी हयात गेली. परंतु यंत्राच्या पोटात काय आहे हे जसे अभियंत्यास ठाऊक असते, तसे मूल नेमके कोणत्या शब्दापाशी अडले हे शिक्षकास ठाऊक असते. त्या दुसऱ्या बाजूनेच आम्ही बोलणार आहो.

साधन कोणते घ्यावे व त्याने काय साधावे, हा वाद आपल्या वर्ध्यास नवा नाही. दिनांक २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी येथे शिक्षण परिषद भरली. महात्माजी तिचे अध्यक्ष होते. तीतून डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि 'नई तालीम' या नावाने जी पद्धती प्रसिद्धीस आली तिचा पाया रचला गेला. पुढे सेवाग्राम येथे आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याने ती प्रत्यक्षात उतरविली. त्या शाळेत टकळी आली ती पाहण्याकरिता नव्हे. मुलाने कापूस तोलावा, सूत काढावे, त्याची लांबी मोजावी, वजनाशी तिचे प्रमाण काढावे, म्हणजे गणित बोटांतून डोक्यात जाते, असा त्यामागील विचार होता. ही पद्धती देशभर रुजली नाही हेही खरे, आणि त्याचा सर्व दोष सरकारच्या माथी मारणे आम्हांस योग्य वाटत नाही. आपल्यासारख्या कष्टकरी समाजातील पालकांना वाटे की, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हातांनीच राबलो. आता मुलाच्या हाती पुन्हा टकळी कशाला, त्याला इंग्रजी द्या. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे कोण म्हणेल? तथापि त्या पद्धतीने एक प्रश्न मागे ठेवला, आणि कोणतेही नवे साधन समोर आले की आम्ही तो प्रथम विचारतो. तो असा : हे साधन चालू असताना मुलाचे हात व मुलाची जीभ काय करीत असतात? सेवाग्रामला २००५ पासून 'आनंद निकेतन' ही मराठी शाळा नई तालीमच्याच विचाराने चालू आहे. आमच्या प्रश्नाचा अर्थ ज्यांस नीट उमगला नसेल त्यांनी एकदा ती पाहून यावी.

आता अलीकडचे उदाहरण. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहानसे गाव आहे. तेथे २००९ साली श्री. रणजितसिंह डिसले हे शिक्षक म्हणून गेले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती. त्यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड ही चौकोनी ठिपक्यांची चिन्हे लावली. मोबाईलचा डोळा त्यावर धरला की त्या धड्याची कविता, चित्रफीत वा स्वाध्याय समोर येतो. दिनांक ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लक्ष डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. आज बालभारतीच्या पुस्तकांवरही अशी चिन्हे आढळतात व त्यांमागील सामग्री 'दीक्षा' या राष्ट्रीय व्यासपीठावर ठेवलेली असते. हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. आपल्यापैकी कितीक पालकांच्या घरी ही पुस्तके आहेत, पण ते चिन्ह म्हणजे किमतीची खूण असावी अशी त्यांची समजूत आहे.

या चिन्हाचीही गंमत ऐकण्यासारखी आहे. १९९४ साली जपानात ते निघाले ते मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात. त्यांवरून यंत्रास वरची बाजू कोणती हे कळते, म्हणून पुस्तक उलटे धरले तरी चालते. मजकूर अशा हिशेबाने गुंफलेला असतो की, रचनेनुसार सुमारे तीस टक्क्यांपर्यंत भाग पुसला गेला तरी उरलेल्यावरून सारे वाचता यावे. आमच्याकडे सायंकाळी अभ्यासास येणाऱ्या मुलांना आम्ही हे सांगितले, तेव्हा त्यांनी बोटाने एकेक कोपरा झाकून किती झाकल्यावर यंत्र अडते हे स्वतः पाहिले. त्या दिवशी कोडामागची चित्रफीत पाहायची राहूनच गेली. आमच्या मते त्या दिवसाचा अभ्यास उत्तम झाला.

भूगोलासाठी उपग्रहाच्या नकाशाइतके गुणकारी साधन आम्ही दुसरे पाहिले नाही. आम्ही तीस-पस्तीस वर्षे फळ्यावर निळ्या खडूने वर्धा नदी काढीत आलो. आता मुलगी पडद्यावर बोट ठेवून मध्य प्रदेशात मुलताईच्या डोंगराळ भागातून निघते, आपल्या जिल्ह्याची कड धरून खाली उतरते, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेवर वैनगंगा भेटून पुढे प्राणहिता होते तेथवर जाऊन थांबते. मध्येच तिला आपल्या मामाचे गाव सापडते. ते सापडल्यावर पुढील दहा मिनिटे वर्ग शिक्षकाचा राहत नाही. पण तो खोळंबा आम्हांस मान्य आहे.

सर्वच साधनांविषयी असे म्हणता येत नाही. मूल मोठ्याने वाचते, यंत्र ऐकते आणि शब्द बरोबर आला की शाबासकी देते, अशी वाचनाची एक सोय मोबाईलवर आहे. एकदा पुस्तके उतरवून घेतली की पुढे आंतरजालाची जोडणी नसली तरी चालते. खेड्यास हे मोठेच साहाय्य. परंतु आमच्याकडील एका मुलाने 'डोळा' हा शब्द घरच्या वळणाने 'डोया' असा वाचला. यंत्राने तो नाकारला. त्याने पुन्हा तसाच वाचला, यंत्राने पुन्हा नाकारला. तिसऱ्या वेळी मूल गप्प झाले, आणि ते त्या दिवशी पुन्हा बोलले नाही. आपल्या वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा 'य' होतो. केळीची केयी होते, शाळेची शाया होते. त्यात अशुद्ध काही नाही. ती त्याच्या आजीची भाषा आहे. वर्गात आम्ही काय करीत होतो? आधी 'डोया' स्वीकारायचा, मूल बोलते झाले की 'आपण डोया म्हणतो, पुस्तक डोळा म्हणते' असे सांगायचे, आणि दोन्ही त्याच्याकडून म्हणवून घ्यायचे. एवढे तारतम्य यंत्रापाशी नाही. यास्तव ते मुलाच्या हाती देऊन शिक्षकाने वा आईने उठून जाणे आम्हांस पसंत नाही.

उलट काही ठिकाणी यंत्राने आमच्याच अध्यापनात भर घातली आहे. संगणकावर मराठी लिहिण्याची जी प्रमाण कळपट्टी आहे, तिच्यावर 'कि' लिहिताना आधी क दाबावा लागतो व मग पहिली वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी आधी दिसते. जुन्या टंकलेखन यंत्रावर ती आधीच दाबीत असत. उच्चारात कोण आधी, क की इ? पहिल्या वेलांटीवर इतकी वर्षे घसा कोरडा केला, तो मुद्दा या एका कळीने मुलांना पटला.

अलीकडे प्रश्न विचारताच सबंध निबंध लिहून देणारी यंत्रे निघाली आहेत. अशा एका यंत्रास आम्ही पवनारविषयी लिहावयास सांगितले. भाषा सफाईदार होती, विनोबाजींच्या आश्रमाचा उल्लेख होता, आणि पवनार वैनगंगेच्या तीरावर वसविले होते! धाम नदी त्याच्या गावीही नव्हती. आम्ही तो निबंध मुलांपुढे तसाच ठेवला व सांगितले, यात एक खोटे आहे, नकाशा घेऊन शोधा. तीन मुलींनी ते शोधून काढले. या यंत्रांचा असा उपयोग आम्ही खुशाल करतो. त्यांच्याकडून गृहपाठ उतरवून आणणाऱ्यांस मात्र आम्ही तोच मजकूर तोंडी समजावून सांगण्यास लावतो, म्हणजे पुढील वेळी ते आपल्याच हाताने लिहून आणतात.

स्वतःपुरते म्हणाल, तर निवृत्तीनंतर आमची सायंकाळ या साधनांनी भरून काढली. मराठी विश्वकोश घरी घेण्याची ऐपत कधी नव्हती. तो आता मोबाईलवर विनामूल्य वाचता येतो. मोल्सवर्थचा १८५७ सालचा कोश शिकागो विद्यापीठाने शोधण्याच्या सोयीसह खुला ठेवला आहे. महात्माजींच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजी शंभर खंड आंतरजालावर आहेत. आमचे इंग्रजी बेताचे, तरी त्यात सेगावहून लिहिलेली पत्रे आम्ही कोश जवळ ठेवून वाचतो. आपल्या वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयाचे 'हिंदी समय' हे ग्रंथालयही असेच उघडे आहे. हे सारे असता आपल्या समाजाच्या व्हॉट्सॲप समूहावर सकाळपासून रात्रीपर्यंत शुभेच्छांची फुले पडत असतात, याचे वाईट वाटते.

त्याच समूहाविषयी आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. वधूवर परिचय सूची पूर्वी छापील असे व ठरावीक घरी जाई. आता मुलींची छायाचित्रे, जन्मतारीख, वडिलांचा दूरध्वनी क्रमांक असे सर्व समूहावर टाकले जाते आणि ते कोणाच्या हाती जाते याचा पत्ता नसतो. लहान मुलांच्या बाबतीत तर २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. फुकट मिळणाऱ्या ॲपमध्ये मुलाचे नाव व फोटो भरण्यापूर्वी पालकांनी हे ध्यानात घ्यावे, आणि चिटणीसांनी सूचीचाही विचार करावा.

आता मुख्य मुद्दा. गुणगौरव समारंभात यापुढे प्रत्येक गुणवंतास टॅबलेट द्यावा असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. हेतू उदार आहे; तरी आमचा त्यास विरोध आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हाचे दिवस आठवावेत. घरात फोन एक. तो वडिलांबरोबर शेतात वा कामावर जाई. सायंकाळी परत आला की आधी मुलाच्या हाती, आणि मुलीच्या वाट्यास आला तर तो जेवणाची भांडी झाल्यावर, तेव्हा त्यातील विद्युत् संपलेली. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' हा कार्यक्रम लागू लागला, तेव्हा आमच्या गल्लीतील मुली प्रथमच भावांच्या बरोबरीने धडा पाहू लागल्या. दूरदर्शन संच घराचा असतो, फोन कोणा एकाचा असतो, हा त्यातील भेद आहे. ज्याला नव्वद टक्के गुण मिळाले त्याच्या घरी बहुधा आधीच एक साधन आहे. जी नववीत अनुत्तीर्ण होऊन घरी बसली, तिचे नाव आपल्या गौरव यादीत कधीच येणार नाही.

म्हणून आमची सूचना अशी की, त्याच पैशांत वसतिगृहाच्या वाचनालयात एक मोठा पडदा, दोन संगणक व एक चांगली जोडणी घ्यावी. पाठ्यपुस्तके, विश्वकोश व वाचनाची पुस्तके त्यात उतरवून ठेवावीत. चार ते सहा ही वेळ केवळ मुलींसाठी राखावी, कारण दिवेलागणीनंतर त्यांना घरून कोणी सोडणार नाही. आणि तेथे रोज एक जाणते माणूस बसलेले असावे. समाजात निवृत्त शिक्षक-शिक्षिका कितीतरी आहेत. आठवड्यातून एक वार कोणासही जड जाणार नाही. सोमवार आम्ही स्वतःकडे घेतला आहे. मंगळवार ते शनिवार हे वार मोकळे आहेत. ज्यांची इच्छा असेल त्यांनी भोजनास बसण्यापूर्वी आपली नावे चिटणीसांकडे नोंदवावीत. ते दाराशीच वही घेऊन बसले आहेत.